हाडाच्या मुठीची सुरी: पिनेपाशी चीर का जाते, आणि पहिल्यापासून करायची तर कशी

प्रश्न थोडक्यात असा आहे, सोबत सुरीचा फोटोही आलाय. गाडीच्या जुन्या कमानपाट्याच्या तुकड्यातून सुरी बनवली, फुल टँग (म्हणजे पात्याचं स्टील मुठीच्या टोकापर्यंत पूर्ण रुंदीत जातं, मुठीतल्या त्या भागाला टँग म्हणतात), दोन्ही बाजूंना गुराच्या नळीच्या हाडाच्या पट्ट्या, पितळी पिना ठोकून बसवल्या. दोन महिन्यांत मागच्या पिनेपासून हाडाला उभी चीर गेली, आणि पातं पाणी देताना (तापवून एकदम गार करून कडक करताना) जरासं वाकलं होतं ते तसंच राहिलंय. बेल्ट ग्राइंडर नाही. कानशी, ड्रिल, छोटी गॅसची भट्टी आणि ओव्हन एवढंच सामान. परत करायची तर काय बदलू?

आधी चिरेबद्दल बोलतो कारण बाकी सगळं त्याला धरून येतं. चीर पिनेपाशी दिसते म्हणून सगळे पिनेला शिव्या घालतात, पण ती चीर बहुतेक वेळा त्या हाडात महिनाभर आधीच ठरलेली असते, तुम्ही ते कसं साफ केलं आणि किती वाळवलं तेव्हाच. तुम्ही लिहिलंय की हाड दोन तास खळखळ उकळून घेतलं आणि आठवड्याभरात वापरलं. इथेच गडबड आहे. हाडात वजनाने साधारण दोन तृतीयांश खनिज असतं, कॅल्शियम आणि फॉस्फेटचं, आणि उरलेल्यात मुख्यतः कोलॅजन नावाचं प्रथिन आणि थोडं पाणी. खनिज कडकपणा देतं, कोलॅजन चिवटपणा देतं. ओलं हाड खळखळ उकळलं की कोलॅजनचं जिलेटिन होऊन ते पाण्यात उतरायला लागतं (तो सूप घट्ट होतो ना, तेच), आणि जे मागे राहतं ते दिसायला छान पांढरं पण खडूसारखं ठिसूळ. वर एका आठवड्यात हाड आतून वाळत नाही, ते तुमच्या मुठीत येऊन वाळलं, वाळताना रुंदीत आकसलं, पण खाली इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा कडक गोंद) आणि स्टील काही आकसत नाहीत, मग ते बिचारं कुठेतरी फाटणारच. हाडाचे रेषे लांबीच्या दिशेने जातात, लाकडासारखेच, त्यामुळे फाटतं ते उभंच, आणि सगळ्यात कमजोर जागा म्हणजे भोक, तेही ठोकून फुगवलेल्या पितळी पिनेने आधीच ताणलेलं.

म्हणून माझा क्रम उलटा असतो. सुरी करायची ठरली की स्टीलला हात लावायच्या आधी हाड तयार करायला घ्यायचं, कारण त्यालाच सगळ्यात जास्त वेळ लागतो. पातं चार-पाच दिवसांत होतं, हाडाला दीड-दोन महिने द्या.

हाड निवडताना पुढच्या किंवा मागच्या पायाची खालची नळी घ्या, सरळ आणि जाड भिंतीची. गाय-म्हैस चालते, उंटाची नळी मिळाली तर आणखी जाड असते. बरगडी, खांदा वगैरे सोडा, आत सगळं जाळीदार असतं. भिंत निदान 6-7 मिमी असायला पाहिजे कारण बाहेरची गोलाई आणि आतली जाळी घासून जाता हातात 4-5 मिमी उरते. रानटी जनावराचं हाड, शिंग, दात असल्या वस्तूंच्या नादी लागण्याआधी कायदा बघून घ्या. हस्तिदंताचा आंतरराष्ट्रीय व्यापार 1989 च्या साइट्स कराराच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) निर्णयानंतर बंद झाला आणि देशोदेशीचे कायदे त्याहून कडक आहेत. साधं गुराचं हाड नीट केलं तर तितकंच देखणं दिसतं.

दोन्ही टोकांच्या गाठी करवतीने उडवायच्या, आतला मगज काठीने ढकलून काढायचा, मांस-पडदे सुरीने खरवडायचे. मग गार पाण्यात दोन-तीन दिवस, रोज पाणी बदलून. त्यानंतर कोमट ते गरम पाण्यात भांडी घासायचं लिक्विड टाकून भिजत ठेवायचं, पाणी हाताला सोसवेल इतपतच गरम, बुडबुडे येताच कामा नयेत. हे दर दोन-तीन दिवसांनी बदलत दोन-तीन आठवडे चालू ठेवा. कंटाळवाणं आहे, मान्य. पण चरबी राहिली की हाडात पिवळट, अर्धपारदर्शक डाग दिसतात, आणि त्या डागावर इपॉक्सी धरत नाही, रंगही धरत नाही, आणि उन्हाळ्यात मूठ चिकट लागते ती वेगळीच. घाई असेल तर पट्ट्या कापून झाल्यावर झाकणाच्या काचेच्या बरणीत ॲसिटोनमध्ये दोन दिवस ठेवता येतात, पण खोली हवेशीर हवी आणि आजूबाजूला भट्टी, शेगडी, सिगरेट काही नको, ॲसिटोनची वाफ लांबूनही पेट घेते. पांढरेपणा हवा असेल तर 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये एखाद-दोन दिवस. कपड्यांचं ब्लीच मात्र अजिबात नाही, ते कोलॅजन खातं आणि हाड वरून भुसभुशीत होतं, आणि हे लगेच कळत नाही, वर्षाने कळतं.

मग उभ्या पट्ट्या कापायच्या, साधारण 6 मिमी, टँगपेक्षा चांगल्या अर्धा इंच लांब आणि थोड्या रुंद. एकाच नळीच्या समोरासमोरच्या बाजू घेतल्या तर दोन्हीकडे रंग आणि रेषा जुळतात. सावलीत, वारा लागेल अशा जागी उभ्या करून ठेवा, उन्हात नाही. आणि वजन करा. छोटा ग्रॅमचा काटा असेल त्यावर दर आठवड्याला वजन करून पट्टीवरच पेन्सिलने लिहायचं, सलग तीन आठवडे आकडा हलला नाही की हाड वाळलं. अंदाजाने "वाळलं असेल" म्हणणं मी सोडून दिलंय, माझी पहिली तीन-चार हाडं अशीच अंदाजाने गेली. एक जोडी तर शेजारच्या कुत्र्याने नेली, तेव्हा जरा उंचावर ठेवा.

आता पातं. कमानपाट्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे, शिकताना वापरू नका. कमानपाटा वाईट स्टील आहे असं नाही, बऱ्याचदा ते 5160 (असे आकडे म्हणजे स्टीलच्या जातीचे क्रमांक) किंवा त्याच्या जवळचं क्रोमियमवालं असतं आणि सुरी चांगली होते, पण तुमच्या हातातला तुकडा नक्की काय आहे हे माहीत नाही, आणि लाखो वेळा वाकून-सरळ होऊन त्यात डोळ्याला न दिसणाऱ्या तडा असू शकतात. मग पातं वाकलं किंवा तडकलं की चूक तुमची की स्टीलची हे कळतच नाही. शिकणाऱ्याला हेच तर कळायला पाहिजे. त्यापेक्षा 1084 किंवा 1075 ची नवी पट्टी घ्या. 1084 मध्ये कार्बन 0.8 ते 0.93 टक्के, म्हणजे अगदी सुटसुटीत मिश्रण, जास्त वेळ तापवून धरायची गरज नाही, तेलात नीट कडक होतं. 1095 चं नाव जास्त ऐकू येतं पण त्यात मँगनीज कमी असतं, ते सेकंदाच्या आत गार व्हावं लागतं, साध्या तेलात कधी होतं कधी होत नाही. तरी कमानपाटाच वापरायचा हट्ट असेल तर एक तुकडा तापवून तेलात विझवा, व्हाइसमध्ये धरून हातोड्याने तोडा आणि तुटलेली बाजू बघा. करडी मखमलीसारखी दिसली तर ठीक, साखरेच्या दाण्यासारखी चमकली तर जास्त तापलं. हा प्रयोग नव्या स्टीलवरही करून बघण्यासारखा आहे, त्यातून जे कळतं ते वाचून कळत नाही.

माप म्हणाल तर पहिली सुरी छोटी ठेवा. पातं 100 मिमीच्या आसपास, मूठ 110-115, स्टील 3 मिमी. जाड स्टील घेतलं की मजबूत वाटतं पण कानशीने एवढं स्टील काढायचं कोणी? आधी पुठ्ठ्याची सुरी कापून हातात धरून बघा, दोनदा-तीनदा बदला, मग स्टीलवर आखा. बाहेरचा आकार हॅकसॉने आणि कानशीने. टँगला पिनांची भोकं आत्ताच, कडक करण्याआधी पाडायची, आणि पिनांखेरीज आणखी चार-पाच मोठी भोकं पाडून टाका, वजन कमी होतं आणि इपॉक्सी या बाजूहून त्या बाजूला जाऊन खिळ्यासारखी धरते.

धारेची मध्यरेषा आखायची एक सोपी युक्ती. स्टीलच्या जाडीचाच ड्रिल बिट घ्या, 3 मिमीची पट्टी तर 3 चा बिट, काच किंवा कुठल्याही सपाट गोष्टीवर पट्टी आणि बिट दोन्ही आडवे ठेवा, बिटचं टोक बरोब्बर अर्ध्या उंचीवर येतं, त्याने धारेवर ओरखडा मारत जा. मग पट्टी उलटी करून परत, दोन रेषा पडल्या तर त्यांच्या मध्ये मध्य. पाणी देण्याआधी धार पूर्ण पातळ करायची नाही, धारेपाशी 0.8 ते 1 मिमी जाडी सोडायची. तुमचं पातं वाकायचं एक कारण हे असणार, फोटोत धार आधीच कागदासारखी दिसतेय.

कानशीने उतार काढताना घाई नको. पात्याला खाली लाकडी फळी, वर दोन क्लॅम्प, कानस दोन्ही हातांनी पुढे ढकलायची, परत येताना उचलायची. कानशीला खडू चोळून ठेवला तर स्टीलचे कण दातात अडकून खोल ओरखडे पाडत नाहीत. एका बाजूला वीस-पंचवीस घाव झाले की दुसरी बाजू, असं आलटून पालटून, नाहीतर शेवटी एक बाजू सपाट आणि दुसरी फुगीर. हे बोलून समजत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या पात्याला हात आपोआप बसतो. शेवटी कानस आडवी धरून दोन्ही टोकांनी आपल्याकडे ओढत फिरवली की पृष्ठभाग गुळगुळीत होतो, मग 120 चा पॉलिश पेपर. एक गोष्ट लक्षात ठेवा, कानशीचा आडवा खोल ओरखडा राहिला तर कडक करताना तडा तिथूनच सुरू होतो, विशेषतः मुठीजवळ उतार सुरू होतो त्या कोपऱ्यात. तो कोपरा काटकोनात ठेवू नका, गोल कानशीने जरा गोलाई द्या.

पाणी द्यायच्या आधी स्टीलचा ताण काढायला हवा, ही पायरी तुम्ही केलेलीच नाही असं वाटतंय. पातं सारखं लाल करून (पहिल्यांदा 870 अंशांच्या आसपास, दुसऱ्यांदा 815, तिसऱ्यांदा 760) प्रत्येक वेळी बाहेर काढून स्थिर हवेत काळं होईपर्यंत गार होऊ द्यायचं. तुमच्याकडे पायरोमीटर (भट्टीतलं तापमान मोजायचं यंत्र) नसेल तर लोहचुंबक आहेच. स्टील 770 अंशांच्या जवळ चुंबकाला धरेनासं होतं, पाणी देताना तिथून थोडं वर म्हणजे 815 च्या आसपास हवं. आणखी एक जुनी खूण, साधं मीठ 801 अंशांना वितळतं, तापलेल्या पात्यावर चिमूट टाकली आणि पाणी होऊन पसरली की समजायचं जागा गाठली. अंधाऱ्या जागेत काम करा, बाहेर उजेडात लाल रंग फसवतो. अंधारात नीट बघितलं तर तापताना पात्यावरून एक सावली सरकताना दिसते, ती सावली टोकापर्यंत जाऊन नाहीशी झाली की आतली रचना बदलली. पहिल्यांदा ती दिसली तेव्हा मी भट्टीसमोर उभा राहून नुसता बघतच राहिलो आणि पातं जास्त तापवून बसलो, असो.

तेल कुठलं? 1084 ला कॅनोलासारखं साधं खायचं तेल चालतं, पण ते 50-55 अंशांपर्यंत गरम करून. गार तेल दाट असतं, पात्याभोवती वाफेचा थर लवकर सुटत नाही, म्हणजे गरम तेल जास्त लवकर गार करतं, ऐकायला उलटं वाटतं पण तसं आहे. तेल निदान चार लिटर, उभ्या धातूच्या डब्यात, झाकण हाताशी, कारण कधीकधी भडका उडतो आणि तेव्हा पाणी टाकायचं नसतं, झाकण टाकायचं असतं. जळकं इंजिन ऑइल वापरणारे आहेत, ते वापरू नका, त्यात काय काय असतं आणि तो धूर आपण घेतो. "पाणी देणं" हा आपला जुना शब्द आहे म्हणून खरंच पाण्यात बुडवायला जाऊ नका, 1084 पाण्यात टाकलं तर "टिंग" असा आवाज येतो आणि त्या आवाजाने जीव जातो.

पातं सरळ, टोक खाली, एका झटक्यात आत. आत गेल्यावर पुढे-मागे किंवा वर-खाली हलवलं तर चालतं, पण डावी-उजवीकडे हलवायचं नाही, एक बाजू आधी गार झाली की पातं तिकडे ओढतं. हे तुमच्या वाकण्याचं दुसरं कारण असू शकतं. आठ-दहा सेकंदांनी बाहेर काढून नजर टाका. पातं अजून दोनशेच्या वर असेल तोपर्यंत ते पूर्ण कडक झालेलं नसतं आणि काही सेकंद जाड हातमोजे घालून हाताने सरळ करता येतं, दोन सपाट लाकडांमध्ये दाबून धरलं तर आणखी बरं. ते काही सेकंद गेले की मात्र हात लावू नका, मोडेल. वाकणं राहिलंच तर टेम्पर करताना (कडक पातं ओव्हनमध्ये तापवून त्याचा ठिसूळपणा कमी करताना) काढायचं, ते पुढे सांगतो. गार झाल्यावर जुनी कानस धारेवर फिरवा, काचेवर घसरल्यासारखी सरकली तर कडक झालंय. चावली तर आधी वरची जळकी कातडी पेपरने काढून परत बघा, तीच मऊ असते, आणि तरीही चावली तरच परत तापवायचं.

त्याच दिवशी, शक्यतो तासाभरात, टेम्पर. कडक पातं रात्रभर तसंच ठेवून सकाळी तडकलेलं बघितलंय मी. ओव्हन 200-205 अंश, दोन तास, बाहेर काढून गार, परत दोन तास. यातून 60 च्या आसपास रॉकवेल (कडकपणा मोजायचं माप) येतं, छोट्या सुरीला छान. जास्त राबवायची असेल तर 220. ओव्हनच्या बटणावरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, माझा ओव्हन पंचवीस अंश खोटं बोलायचा, आत वेगळं थर्मामीटर ठेवा आणि वाळूच्या ट्रेमध्ये पातं खुपसा म्हणजे गरम-गार होणं कमी होतं. घासून चकचकीत केलेल्या पात्यावर फिकट पेंढ्याचा रंग आला पाहिजे, जांभळा-निळा दिसला तर मऊ झालं. वाकलेलं असेल तर दुसऱ्या फेरीला पातं जाड लोखंडी पट्टीवर क्लॅम्प करा, फुगवटा वरच्या बाजूला ठेवून त्यावरच क्लॅम्प दाबायचा आणि दोन टोकांखाली नाण्याइतके तुकडे, म्हणजे पातं सरळच्या पलीकडे थोडं उलटं जातं, तसंच ओव्हनमध्ये. थोडंथोडं करत दोन-तीन फेऱ्यांत सरळ येतं. तुमच्या आत्ताच्या पात्यालाही हे करता येईल, पण मूठ काढावी लागेल.

यानंतर घासणं, पात्याचा उतार धारेपर्यंत नेऊन धार 0.3-0.4 मिमीपर्यंत पातळ करणं, पेपर 220, 400, 600. घासताना पातं हाताला गरम लागलं की पाण्यात बुडवा. यात सांगण्यासारखं फार नाही, नुसते खांदे दुखतात.

आता परत हाडाकडे. आतली बाजू सपाट करायची, काचेवर पेपर चिकटवून त्यावर पट्टी घासायची. पेन्सिलने रेघोट्या मारा, सगळ्या एकदम पुसल्या गेल्या की सपाट झालं. मग टँगवर ठेवून उजेडासमोर धरा, कुठूनही प्रकाश दिसता कामा नये. लोक इथे क्लॅम्पच्या भरवशावर राहतात, "दाबल्यावर बसेल". दाबल्यावर बसतं हो, पण मग ते हाड कायम वाकवलेल्या अवस्थेत राहतं आणि सुटायची संधी बघत असतं. हाड नुसतं ठेवल्यावर बसलं पाहिजे. मी टँग आणि हाडाच्या मध्ये अर्धा-पाऊण मिमीचा फायबरचा लायनर, म्हणजे पातळ अस्तर, घालतो, दिसायला बारीक रेघ छान दिसते हा भाग आहेच, पण स्टील आणि हाड यांच्यामध्ये थोडं देणारं-घेणारं काहीतरी असतं.

हाडाची धूळ. मास्क घातल्याशिवाय हाडाला करवतसुद्धा लावू नका, साधा कापडी नाही, बारीक धूळ अडवणारा नीट बसणारा, एन95 किंवा त्याच्या वरचा. धूळ फार बारीक असते, फुफ्फुसात जाऊन बसते, आणि कच्च्या हाडातून रोग येण्याची भीतीही जुनी आहे, हाडं आणि कातडी हाताळणाऱ्या कामगारांना अँथ्रॅक्स व्हायचा. शक्य तिथे ओला पेपर वापरा आणि लगेच पुसा. वासाचं म्हणाल तर दाताच्या डॉक्टरकडचा तो वास आठवतो ना, तोच. हाच वास तुमचा थर्मामीटर आहे. केस जळल्यासारखा वास आला म्हणजे कोलॅजन जळतंय, थांबा, गार होऊ द्या. जळलेल्या जागी आधी तपकिरी डाग पडतो आणि मग बारीक जाळीसारख्या चिरा.

भोकं पाडताना एक पट्टी टँगला क्लॅम्प करून टँगच्या भोकातूनच आतून बाहेर ड्रिल मारायचं, बाहेरच्या बाजूला लाकडाचा तुकडा घट्ट दाबून, नाहीतर बिट बाहेर पडताना टवका उडतो. बिट नवा, गती कमी, दर दोन मिमीला बाहेर काढून कचरा साफ. भोक पिनेपेक्षा दशांश मिमी मोठं हवं, 3 मिमीची पिन असेल तर 3.1 चा बिट, तो नसेल तर पिनच पेपरने थोडी बारीक करा. पिन बोटाने आत गेली पाहिजे. हातोडी लागली तर भोक लहान आहे, आणि ज्या दिवशी हातोडी लागली त्याच दिवशी चीर ठरली. पट्टीच्या टोकापासून भोक निदान 10 मिमी आत ठेवा, तुमच्या फोटोत मागची पिन टोकापासून जेमतेम पाच मिमीवर आहे, तिथे हाडाला धरायला जागाच नाही.

पिना ठोकून फुगवायच्या का? धातूच्या किंवा जाड लाकडी मुठीला ठीक आहे, हाडाला नको. पितळ ठोकलं की मधेही फुगतं, बाहेर दिसणाऱ्या टोकालाच फुगतं असं नाही, आणि ते भोकाच्या भिंती आतून ढकलतं. आजची इपॉक्सी एवढी धरते की पिन नुसती चिकटवली तरी बाजूला सरकण्याचा जोर ती घेते. फारच हवं असेल तर स्क्रूचे रिव्हेट मिळतात, तेही हळू आवळायचे. जुन्या काळी इपॉक्सी नव्हती. शेफील्डच्या जुन्या जेवणाच्या टेबलावरच्या सुऱ्यांमध्ये टँग बारीक असायची आणि ती हाडाच्या पोकळीत राळ वितळवून बसवलेली, म्हणून त्या गरम पाण्यात धुतल्या की मूठ हातात आणि पातं भांड्यात. तेव्हा परंपरा म्हणून सगळंच जुनं करायचं असं काही नाही, राळ मी हौसेने एकदा वापरलीय, परत नाही.

चिकटवायच्या आधी पट्ट्यांची पुढची टोकं, पात्याकडची, दोन्ही एकत्र पिनांवर लावून पूर्ण घासून पॉलिश करून घ्या, नंतर तिथे कानस नेली तर पात्यावर ओरखडे. टँग आणि हाड 80 च्या पेपरने खरखरीत करा, ॲसिटोनने पुसा, त्यानंतर बोट लावू नका. इपॉक्सी 24 तासांची घ्या, पाच मिनिटांची ठिसूळ असते आणि लायनर, दोन पट्ट्या, तीन पिना एवढं सगळं पाच मिनिटांत जमवताना माणूस रडकुंडीला येतो. क्लॅम्प हलका, कडेने इपॉक्सीचा मणी बाहेर आला की बास, आवळत गेलात तर सगळी बाहेर येईल आणि आत कोरडं. पुढच्या टोकाशी आलेली इपॉक्सी ओली असतानाच कापसाच्या काडीने पुसा. मग एक दिवस विसरून जा.

आकार रास्पने (मोठ्या दातांची लाकडाची कानस) आणि कानशीने, मग पेपर. इथे पेपरमागे कडक लाकडी ठोकळा हवाच, कारण हाड मऊ आणि स्टील-पितळ कडक, नुसत्या बोटाने घासलं तर हाड खाली जातं आणि पिना टेकाडासारख्या वर राहतात. 600-800 पर्यंत गेलं की हाड आपोआप चमकायला लागतं, शेवटी कापडाने थोडी पॉलिश. मशीनच्या चाकावर पॉलिश करणार असाल तर दोन सेकंद टेकवा, उचला, पिना लवकर तापतात आणि भोकाभोवतीचं हाड त्या उष्णतेने तडकतं.

गुळगुळीत हाड ओल्या हाताला निसरडं लागतं, हे खरं. म्हणूनच जुने कारागीर हाडावर बारीक खाचा मारायचे, सांबरशिंगासारखं दिसायलाही आणि पकड यायलाही. छोट्या रोटरी टूलने किंवा गोल सुई-कानशीने करता येतं, आधी वाया गेलेल्या तुकड्यावर हात बसवा. रंग द्यायचा तर कडक चहात किंवा पोटॅशियम परमँगनेटच्या हलक्या पाण्यात, पण रंग वरवरच बसतो, घासलं की जातो, म्हणून आकार पूर्ण झाल्यावरच, आणि चिकटवलेल्या मुठीला भिजत ठेवू नका, ब्रशने लावा. शेवटी मेण, महिन्या-दोन महिन्यांनी परत थोडं. भांडी धुवायचं मशीन, भिजवून ठेवणं, उन्हात तापलेली गाडी, हीटरजवळचं शेल्फ, या सगळ्यांपासून लांब. आणि कार्बन स्टीलचं पातं चामड्याच्या म्यानात महिनोन्‌महिने ठेवू नका, चामड्यात ओल आणि आम्ल धरून राहतं, गंज चढतो. म्यान वापरापुरतं, ठेवताना तेलाचा हात मारून बाहेर.

धार दोन्हीकडून 18-20 अंशांत, 400 च्या दगडावर सुरुवात, एका बाजूला घासत राहायचं ते दुसऱ्या बाजूला बोटाला बारीक लव लागेपर्यंत, मग बाजू बदलून, मग 1000, मग चामड्याच्या पट्ट्यावर. पहिल्या धारेला बारीक दाते पडले तर घाबरू नका, कडक करताना धारेचा अगदी कडेचा भाग कार्बन गमावतो किंवा जास्त तापतो, दोन-तीनदा दगडावर घेतली की खालचं चांगलं स्टील येतं. त्यानंतरही दाते पडत असतील तर टेम्पर कमी पडलंय, मूठ बसवायच्या आधीच हे बघून घेतलेलं बरं. म्हणून मी मूठ चिकटवण्याआधी पात्याला कामचलाऊ धार लावून, टँगला दोरी गुंडाळून, लाकूड-दोरखंड कापून बघतो आणि मग परत बोथट करून टेप लावतो. मूठ लागली की ओव्हनचा रस्ता बंद.

राहिली तुमची आत्ताची सुरी. चीर केसाएवढी असेल आणि पट्टी हलत नसेल तर काढायच्या भानगडीत पडू नका. अजून हाडात ओल असेल, म्हणून आधी महिनाभर सुकू द्या, चीर जितकी उघडायची तितकी उघडू द्या. मग अगदी पातळ सुपरग्लू चिरेच्या एका टोकाला थेंब-थेंब सोडा, तो आपोआप आत ओढला जातो, वर हाडाचीच बारीक धूळ भरून परत एक थेंब, वाळल्यावर ठोकळ्यावर 400 चा पेपर. रेघ दिसेल, पण नखाला लागणार नाही. पट्टी हलत असेल तर मात्र ती गेलीच समजा, पिनांची डोकी कानशीने घासून, पिना ड्रिलने पोखरून काढा आणि पट्ट्या छिन्नीने तोडा, टँग वाचवा, ते पातं सरळ करून नव्या हाडाला वापरता येईल. आणि नवी भोकं पाडायची वेळ आली तर टँग आता कडक असणार, साधा बिट चालणार नाही, कार्बाइडचा लागेल, किंवा पातं ओल्या फडक्यात गुंडाळून फक्त टँगचं मागचं टोक टॉर्चने निळं होईपर्यंत तापवा, म्हणजे कोबाल्टचा बिट चावतो.